रिकाम्या जागेचा फोटो

'घर पाहावं बांधून' असं ज्यानं म्हटलं, त्यानं निदान एक तरी घर स्वतःचं बांधलेलं असणार. ओळंबादादाची तेवढी ऐपत नव्हती. सव्वीस वर्षांत त्यानं साठ-सत्तर घरं उभी केली, सगळी दुसऱ्यांची. भिंत सरळ चाललीय का हे बघायला गवंडी दोरीला लोखंडी गोळा बांधून वरून सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. याच्या भिंती इतक्या सरळ, की गावानं याचंच नाव ओळंबा ठेवलं. त्याची बायको, गवंडीण, अठरा वर्षं त्याच्यामागं मालाची घमेली वाहत होती. टाळूवर जिथं चुंबळ बसते तेवढ्या जागेतले तिचे केस कधीच गेले होते.

यांची राहायची तऱ्हा ठरलेली होती. ज्याचं घर बांधायचं त्याच्याच सिमेंटच्या खोलीत संसार मांडायचा. तो, ती आणि त्याची म्हातारी आई. घराला रंग लागला, मालकाचं सामान आलं, की बोचकी उचलायची आणि पुढच्या कामावर जायचं. दुसऱ्याच्या दाराला कुलूप लागलं की यांचं घर सुटायचं.

आत्ताचा मुक्काम गावाबाहेरच्या एका बंगल्यावर होता. सिमेंटच्या धुळीनं म्हातारीचा खोकला थांबत नव्हता. बंगल्याच्या मालकानं आधीच सांगून ठेवलं होतं, "फरशी झाली की खोली मोकळी करा. मला तिथं कुत्रा ठेवायचाय."

"कसला कुत्रा?" म्हातारीनं सुनेला विचारलं होतं.

"मोठा आहे म्हणे. परदेशी."

"मग त्याला ही खोली पुरेल का गं?" म्हातारी म्हणाली. तिला डोळ्यांनी फार दिसत नव्हतं, पण जिभेला धार होती.

जागा मात्र स्वतःची होती. वस्तीच्या टोकाला, खडकाळ, दोन खोल्या कशाबशा बसतील एवढी. गवंडिणीच्या नावावर. त्यात सरकारनं जाहीर केलं, की ज्याच्या नावावर जन्मात घर झालं नाही त्याला पहिल्या घरासाठी मदत मिळेल, हप्त्याहप्त्यानं. गवंडिणीनं अर्ज केला. कचेरीतल्या कारकुनानं शिक्का मारला आणि म्हणाला, "पाहणीला माणूस येईल." त्याला सव्वा वर्ष झालं. माणूस काही उगवला नाही.

या सव्वा वर्षात जे झालं ते गवंड्याच्याच घरात होऊ शकतं. दिवसाचं काम संपताना घमेलं-दोन घमेली माल उरतोच. कालवलेलं सिमेंट रात्रभर थांबत नाही, सकाळी त्याचा दगड होतो. म्हणून उरलेला माल फेकतात. ओळंबादादाच्या हातून तो फेकवेना. त्यानं मालकाला विचारलं, तर मालक म्हणाला, "न्या की. नाहीतरी उकिरड्यावरच जाणार." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी गवंडीण उरलेला माल डोक्यावर घेऊन आपल्या जागेवर जायची. मागून तो टवका उडालेल्या, मालकानं नाकारलेल्या विटा घेऊन यायचा. उजेड असेपर्यंत सहा विटा लागायच्या, कधी आठ. पायाचा दगड जागेतलाच निघाला. दोरी, ओळंबा, पातळी सगळं अगदी बंगल्याच्या कामासारखं. सहा विटांसाठी एवढा थाट बघून लोक हसायचे.

"आज किती?" म्हातारी विचारायची.

"आठ."

"म्हणजे मी मेल्यावर चौकट बसेल."

पण भिंती चढल्या. सव्वा वर्षात चारी बाजूंनी गवंडिणीच्या छातीला लागल्या. खिडकीची जागा सोडून झाली होती. एखाद्या संध्याकाळी ती त्या खिडकीच्या जागेवर कोपरं टेकून उगाच बाहेर बघत राहायची. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पण बघायची जागा तिची होती.

आणि मग एका भर दुपारी पाहणीवाला आला.

पोरगेलासाच होता. डोक्यावर टोपी, हातात फोन. गवंडीण बंगल्यावरून धावत गेली तेव्हा तो भिंतीकडे बघत उभा होता. कौतुकानं बघतोय असं तिला वाटलं.

"मावशी, हे काय?"

"भिंती."

"ते दिसतंय. अर्ज तर घर नाही म्हणून केलाय."

"नाहीच की. छप्पर कुठंय?"

"पण बांधकाम आहे." त्यानं फोन तिच्यासमोर धरला. "इथं रिकाम्या जागेचा फोटो टाकावा लागतो. मधोमध तुम्ही उभ्या. भिंत दिसली की जुनं बांधकाम धरतात. मग ते पहिलं घर होत नाही."

"जुनं कुठलं? आम्हीच बांधलंय, रोज थोडं थोडं. सव्वा वर्ष वाट बघितली तुमची."

"मला नका सांगू. मी फक्त फोटो काढतो." फोटो न काढताच तो गाडीवर बसला. गवंडिणीच्या डोक्यावर चुंबळ तशीच होती. ती काढायचंही तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून ती कचेरीत गेली. फरशी नुकतीच पुसलेली होती. कारकुनानं तिच्या सिमेंटनं पांढऱ्या झालेल्या पायांकडे बघितलं आणि म्हणाला, "तिथंच थांबा, उंबऱ्याबाहेर." ती थांबली. ती फरशी तिच्या नवऱ्यानं बसवलेली होती आणि खालची वाळू तिनं चाळलेली होती. तिथं तिचेच पाय चालत नव्हते. दुपारी कारकून डबा खाऊन आला आणि म्हणाला, "साहेब नाहीत. उद्या या."

दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण बैठकीत. "उद्या या."

तिसऱ्या दिवशी तिनं पाय धुतले, चपला बाहेर काढल्या आणि सरळ आत जाऊन टेबलाला धरून उभी राहिली. नाइलाजानं कारकुनानं कागद काढला.

"घर नाही म्हणता आणि भिंती उभ्या. आम्ही काय समजायचं?"

"समजायचं काय त्यात? बिनछपराच्या भिंती आहेत. म्हातारीला त्यात ठेवू का?"

"छप्पर नाही म्हणजे घर नाही, असं नियमात कुठं लिहिलंय?"

"मग छातीएवढ्या चार भिंती म्हणजे घर, असं कुठं लिहिलंय?"

कारकून वाद घालणारा नव्हता. त्याला जेवायला जायचं होतं. आवाज खाली आणून, उपकार केल्यासारखं तो म्हणाला, "हे बघा बाई, फोटोत रिकामी जागा पाहिजे. बाकी तुमचं तुम्ही बघा. महिनाअखेरपर्यंत माणूस परत पाठवतो. तेव्हाही भिंत दिसली तर नाव कटलं म्हणून समजा."

"म्हणजे पाडू?"

"मी पाडा म्हटलं का?" कारकुनानं इकडं तिकडं बघितलं. "मी असं म्हणणार नाही. मी फक्त फोटो म्हटलं."

भीक नको पण कुत्रं आवर, म्हणतात ते उगाच नाही. पण इथं भीक सोडली तर छप्पर कुठून येणार, हेही तिला ठाऊक होतं. बंगल्याची फरशी सुरू झाली होती.

तिनं घरी सांगितलं तेव्हा ओळंबादादा थापी धूत होता. त्यानं थापी परत परत धुतली. मग म्हणाला, "सव्वीस वर्षांत चांगली भिंत पाडली नाही मी. वाकडी असली तर पाडली. सरळ नाही पाडली."

"मग काय करायचं?"

"मला विचारू नकोस."

"तुम्हाला नाही तर कुणाला विचारू? त्या कुत्र्याला?"

म्हातारी खोकता खोकता थांबली. "पाडणाराच्या हाताला काय होईल ते होवो," ती म्हणाली, "पण पाडायला सांगणाराच्या डोक्यावर छप्पर आहे ना? तो स्वतःचं कशाला पाडेल?" मग तिनं कारकुनाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कारकुनाला त्याचं काही झालं नाही.

दोन दिवसांनी गवंडीण एकटीच हातोडा आणि छन्नी घेऊन गेली. दिवस वाऱ्याचे होते, सकाळपासूनच गरम धूळ तोंडात जात होती. तिनं कोपऱ्यावर पहिला घाव घातला. वीट फुटली, सांधा तसाच राहिला. दुसरा घाव घातला, तीच गत. उकिरड्यावर जाणाऱ्या मालात नवऱ्यानं असलं काम करून ठेवलं होतं, की वीट चुरा होत होती पण सांधा सोडत नव्हता. तिला त्याचा भयंकर राग आला. वाईट काम केलं असतं तर आज लवकर सुटलो असतो, असं तिच्या मनात आलं आणि मग स्वतःचाच राग आला. ती रडत नव्हती, फक्त डोळ्यांत धूळ जात होती आणि ती पुसायला हात मोकळा नव्हता.

दुपारी ओळंबादादा आला. तो बराच वेळ पलीकडे उभा होता. फुटलेल्या विटांचा ढीग बघून त्याला राहवेना. त्यानं तिच्या हातातून छन्नी घेतली.

"असं नाही. विटा फुटतात अशानं."

"मग कसं?"

"वरून. लावली तशी उलटी काढायची."

मग तो वरच्या थरापासून सुरू झाला. सांध्यात छन्नी, वर हलकासा घाव, बाजूनं एक, आणि वीट हातात. तो वीट द्यायचा, ती घ्यायची. लावताना ती द्यायची आणि तो घ्यायचा. तीन दिवस लागले. विटा फोटोत दिसायला नकोत म्हणून तिनं त्या डोक्यावरून शेजारच्या कुंपणापलीकडे नेऊन टाकल्या. शेजारचा भला माणूस होता, त्यानं जागा दिली आणि का पाडलं हे विचारलं. तिनं सांगितलं. तो आधी हसला, मग तिच्याकडे बघून हसायचा थांबला. पाया उकरणं शक्य नव्हतं, त्यावर माती ओढली.

पाहणीवाला आला तेव्हा खरोखरच तिथं कधी काही नव्हतं असं दिसत होतं.

"मधोमध उभ्या राहा मावशी. मान वर. हातात ही पाटी धरा." पाटीवर तिचा नंबर होता. ती उभी राहिली ती नेमकी आतल्या खोलीत, जिथं चूल मांडायची ठरवली होती तिथं. त्यानं फोटो काढला, फोनवरून तो कचेरीत गेला. "झालं. बघा, किती सोपं होतं. उगाच तुम्ही कचेरीत भांडलात."

गवंडिणीला पाटी त्याच्या टोपीवर घालावीशी वाटली. तिनं ती त्याच्या हातात दिली.

पंधरा दिवसांत मंजुरी आली. पायाचा फोटो दाखवला की पहिला हप्ता. गवंडिणीनं झाडू घेतला आणि पायावरची माती लोटून टाकली. नवीन पाया तयार झाला. पाहणीवाल्यानं फोटो काढला. म्हणाला, "वा, पटापट केलंत की." आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं असं म्हणायचं, तर इथं कुत्रं कोण हेही कळत नव्हतं.

तेवढ्यात बंगल्याची फरशी संपली. खोली मोकळी करावी लागली. बोचकी आपल्याच जागेवर आली, चार वासे रोवून वर प्लास्टिकचा कागद ताणला आणि तिघं त्याखाली राहू लागली. दिवसा कागदाखाली डोकं भाजायचं, वारा सुटला की कागद फाटायचा आणि म्हातारी दोन्ही हातांनी त्याचं टोक धरून बसायची. भिंती चौकटीच्या वर गेल्या की त्याचा फोटो, आणि त्या फोटोवर छपराचा हप्ता. छप्पर म्हणजे सगळं होतं. गवंडीण दिवस मोजत होती.

ओळंबादादा कामाला लागला, पण हा वेगळाच माणूस होता. त्यानं ओळंबा पिशवीतून काढलाच नाही. दोरी एका बाजूला बांधली, दुसऱ्या बाजूला नाही. माल थापायचा, वीट दाबायची, पुढं. जुन्या विटांना चिकटलेला माल पूर्वी त्यानं घासून काढला असता, आता तसाच ठेवत होता.

"ओळंबा?" तिनं एकदा विचारलं.

"कशाला? उद्या कुणी म्हणेल पाड. पाडायची भिंत सरळ काय आणि वाकडी काय."

तिनं पुढचं घमेलं त्याच्यापुढं ठेवलं. भिंती झपाझप चढत होत्या आणि तिला छप्पर हवं होतं. अठरा वर्षं सरळ भिंती बघितलेला डोळा होता तिचा. खिडकीच्या वरची भिंत बाहेर झुकतेय हे तिला ती लागली त्याच दिवशी दिसलं. बोटभर असेल. बोटभर झुकलेल्या भिंतीची दोन खोल्यांची घरं गावात पन्नास होती आणि कुणी मेलं नव्हतं. असं तिनं स्वतःला दोन दिवस समजावलं.

चौकटीवरचा शेवटचा थर लागला त्या सकाळी म्हातारीनं सांगितलं, मला भिंत दाखव. दाखव म्हणजे हाताला लाव. सुनेनं तिला धरून नेलं, विटांच्या ढिगावर उभं केलं. म्हातारीनं खालून हात फिरवायला सुरुवात केली, सावकाश, वर वर नेत. खिडकीच्या वर हात थांबला. मग परत खाली, परत वर.

"ही कुणी लावली?"

"तुमच्या लेकानं."

"नाही," म्हातारी म्हणाली. "माझा लेक कुठाय?"

ओळंबादादा पलीकडे पाण्याच्या पिंपाजवळ उभा होता. त्यानं ऐकलं. तो तोंड धुवायला लागला, धुतलेलंच तोंड परत धुवायला लागला. गवंडिणीनं ते बघितलं. भिंती गेल्या तेव्हा तिला वाटलं होतं, विटा आहेत, परत लावू. पण भिंतीबरोबर दुसरंही काही पाडलं होतं त्यांनी, आणि ते विटांसारखं कुंपणापलीकडे ठेवलेलं नव्हतं. कारकुनाच्या कुठल्याच हप्त्यात ते परत मिळणार नव्हतं.

तेवढ्यात गाडीचा आवाज आला. पाहणीवाला आला होता, आज वेळेवर.

"झाल्या का भिंती? चला, पटकन उभ्या राहा मावशी. मला अजून चार ठिकाणी जायचंय."

गवंडीण ढिगावरून उतरली. पदरानं हात पुसले. "आज नाही."

"म्हणजे?"

"भिंत झाली नाही अजून. वरचे थर वाकडे आहेत. काढायचेत."

पाहणीवाल्यानं फोन वर केला, एक डोळा मिटून भिंत बघितली. "कुठं वाकडी? फोटोत सरळच दिसते."

"फोटोत नाही राहायचं आम्हाला."

"मावशी, मी परत कधी येईन सांगता येत नाही. हप्ता लांबेल. उन्हात उभी आहे ती म्हातारी, बघा."

"मला कागदाखाली कंटाळा आलाय असं म्हणाले का मी?" म्हातारी ढिगावरून ओरडली.

"मला लिहावं लागेल," पाहणीवाला म्हणाला, "काम अपूर्ण."

"लिहा," गवंडीण म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिनं तो चढू दिला. "खरं आहे ते लिहा. मागं इथं भिंत होती तेव्हा रिकामी जागा पाहिजे म्हणालात, मातीखाली पाया होता तेव्हा नवीन पाया म्हणालात. आज पहिल्यांदा तुमच्या फोनमध्ये खरं जाईल. काम अपूर्ण आहे, लिहा. तुमच्यासाठी सरळ भिंत पाडली आम्ही. आता आमच्यासाठी वाकडी पाडणार. आणि फोटो पाहिजे असेल तर उद्या या."

"उद्या?"

"उद्या नाही झालं तर परवा या. आम्ही येतच होतो की."

पाहणीवाल्यानं फोनवर काहीतरी टिपलं, गाडी वळवली आणि गेला. धूळ खाली बसली. हप्ता आता कधी येईल हे गवंडिणीला माहीत नव्हतं, आणि कागद पुन्हा एका कोपऱ्यात फाटला होता.

तिनं छन्नी आणि हातोडा उचलला आणि पिंपाजवळ जाऊन नवऱ्यासमोर धरला. तो तिच्याकडे बघेना.

"किती काढायचे?" त्यानं विचारलं.

"सहा थर."

त्यानं हातोडा घेतला नाही. तो कागदाखाली गेला, पिशवीत हात घालून बराच वेळ काहीतरी शोधत राहिला आणि ओळंबा घेऊन बाहेर आला. दोरीचा गुंता झाला होता, तो त्यानं दातांनी सोडवला. मग ढिगावर चढून भिंतीच्या माथ्यावरून गोळा खाली सोडला. वाऱ्यानं तो हलत होता. गोळा स्थिर होईपर्यंत त्यानं दोरी धरून ठेवली.

"सहा नाही," ओळंबादादा म्हणाला. "सात." आणि त्यानं हातोड्यासाठी हात पुढं केला.